ट्रॅव्हलरचे वायरिंग आणि छतावरचे सोलर: डिचोलीच्या अंगणातल्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

गाडी अंगणात येऊन महिना झाला. २०१६ ची फोर्स ट्रॅव्हलर, आधीच्या जन्मात पर्यटकांना कुळ्याला नेऊन सोडायची. सीटा गेल्या, मेस्ताने खाट आणि कपाटे करून दिली, कागदांचेही एकदाचे मार्गी लागले. (मूळ रचनेत बदल म्हणजे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, आणि कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळे मानक. कुणाला अशी गाडी करायची असेल तर आधी आरटीओ, मग ड्रिल. तो विषय इथेच बंद.)

आज नुसता हिशेब. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज ४५ वॅटचा. आपल्याकडच्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालणार असे धरले, म्हणजे दिवसाला ५४० वॅट-तास. पंखा २५ वॅट, दहा तास: २५०. दिवे ६०. लॅपटॉप, मोबाइल १८०. पाण्याचा पंप किरकोळ, १५. बेरीज १,०४५.

एवढे वहीत लिहून होतेय तोवर आई म्हणाली, "आणि मिक्सर?" मी म्हटले, आई, मिक्सर ७५० वॅटचा, गाडीत कुठे परवडणार. "मग हुमण कशाचं करणार, पाण्याचं?" (हुमण म्हणजे आमची वाटप घातलेली माशांची आमटी.) पुन्हा वही उघडली. वाटप पाच मिनिटांचे: ७५० वॅट गुणिले पाच मिनिटे म्हणजे ६२ वॅट-तास. एका रात्रीच्या दिव्यांएवढे! दिवसाच्या हिशेबात मिक्सर काहीच खात नाही, पण ती पाच मिनिटे मात्र बॅटरीतून साठ-पासष्ट अँपिअर ओढणार. म्हणजे बॅटरी मोठी नको, तार जाड हवी. आईने एका प्रश्नात सगळ्या वायरिंगची दिशा बदलली.

ठरले ते असे: २०० वॅटची दोन पॅनल, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी (२,५६० वॅट-तास, ऊन नसले तरी दोन दिवस), १,००० वॅटचा प्युअर साइन (घरच्या लाईटसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी निम्म्या किमतीत झाली असती, पण तिच्यातली निम्मीच वीज वापरायची, वजन दुपटीच्या वर, आणि तिचा गॅस आपण झोपतो त्या खोलीत.

१६ मार्च, रविवार

दाजी आले. दाजी म्हणजे आमच्या वाड्यावरचे वायरमन, चाळीस वर्षे घरांचे वायरिंग करतायत. आमच्या घराचेही त्यांचेच. गाडीत चढले, चहूकडे बघितले, आणि पिशवीतून दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचे बंडल काढले.

"दाजी, फ्रिजला ही बारीक पडेल."

"बारा व्होल्ट मरे! जीभ लावली तरी कांय जायना."

हे 'कांय जायना' (काही होत नाही) पुढचे दोन महिने ऐकायचे आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

दाजींचे चुकत नाही, त्यांचा अनुभव २३० व्होल्टांचा आहे. तिथे वायरीत एक व्होल्ट हरवला तर कोणाला पत्ता लागत नाही. बारा व्होल्टांत तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. शिवाय तेवढ्याच वॅटला अँपिअर वीसपट. कागदावर मांडून दाखवले. बॅटरीपासून फ्रिज पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. तांब्याची दीडची वायर घेतली तर रोध ०.११५ ओहम. फ्रिज चालू होताना क्षणभर नऊ-दहा अँपिअर घेतो. म्हणजे एक व्होल्टाहून जास्त वाटेतच गळला. फ्रिजला वाटणार बॅटरी उतरली, आणि तो बंद पडणार. चार चौरस मिलिमीटरने तीच गळती ०.४ वर येते.

दाजींनी कागद लांब धरून वाचला. "म्हणजे सात-वीस टाक म्हणतोस." जुन्या मापातली सात-वीस म्हणजे साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास. हिशेब जमला. फक्त आतल्या तारा बारीक आणि पुष्कळ हव्यात, जाड सात नकोत. गाडी सतत थरथरते, जाड तार वाकून वाकून एका जागी तुटते. हे त्यांनी लगेच मान्य केले, पंपांच्या वायरी तशाच तुटलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत.

२३ मार्च, रविवार

चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन खरेदी. पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर, सोलरचा चार्ज कंट्रोलर. कंट्रोलर एमपीपीटी (पॅनलची जास्तीत जास्त वीज काढून घेणारा) घेतला, व्हिक्ट्रॉनचा १००/३०: पॅनलकडून शंभर व्होल्टांपर्यंत चालतो, बॅटरीला तीस अँपिअरपर्यंत देतो. साधा पीडब्ल्यूएम पुष्कळ स्वस्त, पण तो १८ व्होल्टांच्या पॅनलला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टांवर आणतो, मधले पाच व्होल्ट फुकट.

इन्व्हर्टरची जाड केबल मात्र एका दुकानात 'शुद्ध तांबे' म्हणून दाखवली ती हातात हलकी लागली. ब्लेडने एक तार खरवडली तर आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात. नेत असतील. दुसरीकडे जाऊन ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घेतली, अडीच मीटर. येताना घाटात धुके, आणि पॅनलना शहाळ्यांच्या पोत्यांचे गादीकाम.

३० मार्च, रविवार, पाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तेव्हा छताला पहिले भोक आजच, हे दाजींचे मत. गुढी उभी केली, कडुनिंब खाल्ला आणि ड्रिल घेऊन छतावर.

स्वतःच्या गाडीच्या धड छताला भोक पाडताना पोटात कसे होते ते ज्याने पाडले त्यालाच कळेल. मी अर्धा तास मोजत बसलो. शेवटी दाजी म्हणाले, "तू खाली जा, चहा घेऊन ये." परत आलो तर भोक पडलेले.

इथे दाजींकडून शिकलो. एक, ड्रिलचा पत्र्याचा चुरा फुंकून उडवायचा नाही, लोहचुंबकाने आणि ओल्या फडक्याने वेचायचा. राहिला तर पहिल्या पावसात रंगावर तांबेऱ्याचे ठिपके. दोन, भोकाच्या कडेला आधी प्रायमर, वाळू द्यायचा, मग ग्लँड (वायर आत घ्यायची पाणीबंद टोपी) आणि पीयू सीलंट. तीन, वायर ग्लँडमध्ये सरळ वरून उतरवायची नाही. आधी खाली वळसा घेऊन मग वर, मग आत. "पाणी वायरीवरून चालत येतं. त्याला खाली उतरायला वाट दे, म्हणजे ते तुझ्या घरात येत नाही." पंचायत ऑफिसपासून देवळापर्यंत सगळी सर्व्हिस वायर त्यांनी अशीच घेतली आहे म्हणे. मी इंटरनेटवर महिनाभर वाचत होतो, हे वाक्य कुठे भेटले नव्हते.

पॅनल छताला चिकटवली नाहीत. ॲल्युमिनियमच्या अँगलवर, खाली चार बोटे जागा सोडून. तापलेल्या पॅनलची वीज घटते, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के. उन्हात पॅनल ६५ अंशांवर गेले तर २५ अंशांच्या मानाने चौदा टक्के गेलेच. खालून वारा खेळला तर थोडे तरी वाचते. कलते बसवायच्या भानगडीत पडलो नाही. आपण साडेपंधरा अक्षांशावर, सपाट पॅनल चालते.

६ एप्रिल, रविवार

खाटेखालच्या पेटीचे काम. बॅटरी, तिच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत मुख्य फ्यूज, मग स्विच, मग बसबार (सगळ्या तारा जिथे जोडायच्या ती धातूची पट्टी). फ्यूज उपकरणासाठी नसतो, तारेसाठी असतो. म्हणून तार जिथे सुरू होते तिथेच तो हवा. पलीकडच्या टोकाला लावला तर मधल्या तारेचा वाली कोण?

रंगांवरून दाजींशी तासभर. घरात काळी म्हणजे न्यूट्रल, गाडीत काळी म्हणजे निगेटिव्ह, आणि आमच्या पेटीत इन्व्हर्टरची २३० आणि बॅटरीची १२ दोन्ही शेजारी. उद्या कुणी तिसराच माणूस पेटी उघडेल आणि काळीला काळी जोडेल. बोटींच्या वायरिंगमध्ये डीसी (बॅटरीच्या) निगेटिव्हला पिवळी वापरायची रीत आहे, तीच घेतली. डीसी: लाल-पिवळी. एसी: लाल-काळी-हिरवी, पण वेगळ्या पांढऱ्या पाईपातून.

पॅनलसाठी दाजींनी घरचा ३२ अँपिअरचा एमसीबी आणला होता, तो परत दिला. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यात ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच धरून राहते. डीसीचा वेगळा एमसीबी येतो, आणि त्याला बहुधा उलट-सुलट असते, ते बघून लावायचे. बाहेरून घरची लाईट घ्यायच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच). तिथे मात्र दाजींनी मला बोलू दिले नाही, ते त्यांचे राज्य.

संध्याकाळी साडेपाचला पहिला दिवा लागला. आईने येऊन नमस्कार केला.

१३ एप्रिल, रविवार

आज मिक्सरची चाचणी. रिकामे भांडे फिरले. टाळ्या. मग आईने खोबरे, मिरच्या, धणे, चिंच घातली, बटण फिरवले, मिक्सरने एक हुंकार दिला, इन्व्हर्टर ओरडला आणि सगळे बंद. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पाणी घालून, तेच.

भाचा म्हणाला बॅटरी खराब. हिने इन्व्हर्टरला बोल लावला. दाजी म्हणाले हजार वॅट लिहिलेले असते, निघते पाचशे. मला आतून पॅनलवर संशय, ज्याला काही अर्थ नव्हता. आई वाटप घेऊन घरात गेली.

मग शांतपणे बसलो. मिक्सरऐवजी ५०० वॅटचा हॅलोजन लावला, म्हणजे भार स्थिर राहतो. क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून अँपिअर मोजायचे): ४४ अँपिअर. बॅटरीच्या टोकांवर १३.१ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या टोकांवर १२.२. सव्वा मीटरच्या अंतरात ०.९ व्होल्ट कुठे गेला?

हे शोधायची पद्धत सोपी आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. मीटरची एक पिन तारेच्या या टोकाला, दुसरी त्याच तारेच्या त्या टोकाला. प्लस-मायनस नव्हे, एकाच तारेची दोन टोके. भार चालू असताना जो आकडा येईल तो त्या तुकड्यात हरवलेला व्होल्ट. पॉझिटिव्ह बाजू, फ्यूज आणि स्विच धरून: ०.२. ठीक. निगेटिव्ह: ०.७. तिथे तर फ्यूजही नाही! पिन सरकवत गेलो. केबलवर जवळजवळ काही नाही. इन्व्हर्टरकडच्या लगवर (तारेच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची टोपी), एक पिन लगच्या पत्र्यावर आणि दुसरी तिथून दोन बोटांवर तारेत खुपसून: ०.६.

०.६ गुणिले ४४ म्हणजे सव्वीस वॅट. २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री असते ना, तेवढी उष्णता, अंगठ्याएवढ्या लगमध्ये. मी हात लावणार तेवढ्यात दाजींनीच लावला आणि झटक्यात काढला. बोट तोंडात.

मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. काळ्या स्लीव्हला पापडाच्या कडेसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या आणि जळक्या रबराचा बारीक वास येत होता, जो आम्हाला तासभर फोडणीचा वाटला होता.

१९ एप्रिल, शनिवार

ती लग, दाजींच्या भाषेत थिंबल, हॅक्सॉने आडवी कापली. आत बघण्यासारखे होते. पन्नासच्या मापाची थिंबल, तार पस्तिसची, आणि वरून छिन्नीने ठोकलेली. ठोकलेल्या जागी दहा-वीस तारा दाबलेल्या, बाकीच्या मोकळ्या. कापलेला तुकडा उलटा केला तर चार तारा दाढीच्या केसांसारख्या खाली पडल्या. घरात पाच-सहा अँपिअर असतात तेव्हा असली थिंबल जन्म काढते. कारण दाजींनी स्वतःच सांगितले: त्या दिवशी पस्तिसच्या संपल्या होत्या.

म्हापशाच्या एका ओळखीच्या गॅरेजमधून हायड्रॉलिक क्रिंपिंगची पक्कड दोन दिवसांसाठी आणली. मापाची डाय लावली, षटकोनी दाब, दोन ठिकाणी. कथिलाचा मुलामा असलेल्याच लग घेतल्या; आपल्या खाऱ्या हवेत उघडे तांबे सहा महिन्यांत हिरवे होते. गाडीतल्या सगळ्याच जाड लग पुन्हा केल्या, एकूण चौदा. त्यात आणखी एक सैल निघाली आणि ती मी केलेली होती, हे इथे लिहून ठेवतो.

परत हॅलोजन, परत मीटर. त्याच जागी ६ मिलिव्होल्ट. ०.६ चे ०.००६.

दाजी पक्कड हातात घेऊन बराच वेळ बसले होते. जाताना विचारले, "ही केवढ्याला येते?"

२० एप्रिल, रविवार

पॅनल सिरीजमध्ये (एकापुढे एक, व्होल्टांची बेरीज) की पॅरललमध्ये (समांतर, अँपिअरची बेरीज)? सगळीकडे सांगतात, सावली असेल तर पॅरलल. माझी पॅरलल होती. आज सकाळी शेजारच्या सागाचे एक वाळके पान पॅनलवर पडले आणि मोबाइलवरचा आकडा ३०० वॅटवरून १५५ वर. एका पानाने निम्मे!

पान उचलले नाही. खाली येऊन पॅनल सिरीजमध्ये जोडली, परत बघितले: २२५. पुन्हा पॅरलल: १५०. तीनदा केले, खात्रीसाठी.

कारण विचार केल्यावर कळले. प्रत्येक पॅनलमध्ये ३६ सेल, अठरा-अठराचे दोन गट, प्रत्येक गटाला एक बायपास डायोड, म्हणजे गट अडला तर विजेला वळसा घालून जायची वाट. एक सेल झाकला की त्याचा गट अडतो. सिरीजमध्ये तो गट बायपास होतो आणि उरलेले तीन गट काम करतात, म्हणजे पाऊण वीज. पॅरललमध्ये पान पडलेल्या पॅनलकडे एकच गट उरतो, नऊ व्होल्टांचा. तो १३ व्होल्टांच्या बॅटरीला काय देणार? ते पॅनल सबंध गेले. अर्धे पॅनल झाडाखाली आणि अर्धे उन्हात असेल तर गणित वेगळे होईल. पण दोनच पॅनल आणि एमपीपीटी असेल तर सिरीज करून बघाच. दुसरा फायदा: हा कंट्रोलर सुरू व्हायला बॅटरीपेक्षा पाच व्होल्ट जास्त मागतो, तापलेल्या एकट्या पॅनलचे २२ व्होल्ट १९ वर येतात, तेव्हा पॅरललमध्ये ते काठावर असते. सिरीजमध्ये ३८-३९, चिंता नाही.

कायमची सिरीज केली. आणि छतावर चढायची शिडी.

३ मे, शनिवार

शून्य सावली. सूर्य नेमका डोक्यावर. आपल्याकडे तो माथ्यावर येतो घड्याळात साडेबाराला, बाराला नाही. छतावरच्या पंख्याच्या टोपीची सावली रोज पॅनलच्या कोपऱ्यावर सरकते म्हणून ती किती येते ते आखायला खडू घेऊन चढलो होतो. १२:३१ ला सावली टोपीच्या खालीच गेली. पाय भाजले. ३१२ वॅट, आतापर्यंतचा उच्चांक. ४०० च्या पॅनलकडून याहून जास्त या उकाड्यात मागू नये.

१० मे, शनिवार

गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज करणारा) चार्जिंग. लिथियम बॅटरी सरळ जोडली तर ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो, म्हणून मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. सोळाची केबल, दोन्ही टोकांना फ्यूज, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. एक तास. आता हात बसला आहे.

१८ मे, रविवार

पहिली खरी रात्र, काल तांबडी सुर्लाच्या वाटेवर एका ओळखीच्यांच्या कुळागरात. आई, ही, भाचा. रात्रभर पंखा आणि फ्रिज. पहाटे सहाला बॅटरी ७१ टक्के.

सकाळी म्हापशाहून आणलेले बांगडे. आईने खोबरे घातले, माझ्याकडे बघितले, बटण फिरवले. इन्व्हर्टरवर १२.७ व्होल्ट, ६४ अँपिअर. फिरला. वाटप गुळगुळीत होईपर्यंत मी निगेटिव्हच्या लगवर बोट ठेवून खाटेखाली पालथा पडलेला होतो. कोमटसुद्धा नाही. वरून आईचा आवाज: "तिरफळं कुठे ठेवलीस?"

तिरफळे घरी राहिली होती.

२६ मे, सोमवार

यंदा पाऊस मे संपायच्या आत आला. चार दिवस झोडपतो आहे. सोलरची दिवसाची कमाई ३४० वॅट-तास, म्हणजे फ्रिज बंद, मासे घरच्या फ्रिजमध्ये. वाड्यावरची लाईट काल संध्याकाळी गेली ती आज दुपारी आली. रात्री गाडीत शेजाऱ्यांचे सात मोबाइल आणि दाजींची नवी बॅटरीवरची क्रिंपिंगची पक्कड चार्जिंगला.

छताच्या ग्लँडखाली आत टिश्यू पेपर चिकटवून ठेवला होता. चारही दिवस कोरडा. बाहेर वायरीच्या वळशाच्या तळाशी थेंब जमतो, लोंबतो, पडतो.

मागच्या दाराच्या रबरातून मात्र पाणी आले, गादीचा कोपरा भिजला. ते वायरिंगमध्ये येत नाही.